स्नोमोबाइल व ट्रेलर : हिवाळी प्रवासातील चोरीचे संकट आणि बचावाचे मार्ग

उत्तर अमेरिकेत डिसेंबर महिना उजाडला की महामार्गांवर एक वेगळीच वाहतूक दिसू लागते. पिकअप ट्रकच्या मागे जोडलेला ट्रेलर आणि त्यावर आच्छादनाखाली बांधलेल्या दोन, तीन किंवा चार स्नोमोबाइल अशी ही वरात शुक्रवारी संध्याकाळी शहराबाहेर पडते आणि रविवारी रात्री परतते. कॅनडातील क्वेबेक व ऑन्टारियो, अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, मेन ही या छंदाची प्रमुख ठिकाणे होत. बर्फावरून धावणाऱ्या या यंत्रांसाठी तेथे आखीव मार्गांचे विस्तीर्ण जाळे आहे. एकट्या क्वेबेकमध्ये अशा मार्गांची लांबी सुमारे ३३ हजार किलोमीटर, तर ऑन्टारियोमध्ये सुमारे ३० हजार किलोमीटर भरते.

या प्रवासात थंडी, हिमवादळ आणि निसरडे रस्ते यांची धास्ती सर्वांनाच असते. तथापि, अनेकांची सहल ज्या कारणाने उद्ध्वस्त होते ते कारण वेगळेच असते. सकाळी मोटेलच्या खोलीबाहेर यावे आणि रात्री उभा केलेला ट्रेलर यंत्रांसह नाहीसा झालेला असावा, हा तो प्रसंग. नव्या स्नोमोबाइलची किंमत साधारणपणे दहा हजार डॉलरच्या पुढेच असते. त्यामुळे चार यंत्रांचा ट्रेलर गेला म्हणजे एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाची काही वर्षांची बचत गेली असेच समजावे लागते.

गरजेतून जन्मलेले वाहन

स्नोमोबाइल आज प्रामुख्याने क्रीडासाधन म्हणून ओळखली जात असली, तरी तिचा जन्म गरजेतून झाला. विस्कॉन्सिनमधील सेनर या गावच्या कार्ल एलायसन यांनी १९२४ मध्ये मोटार बसवलेली घसरगाडी तयार केली आणि १९२७ मध्ये तिचे पेटंट मिळवले. क्वेबेकमधील व्हॅलकोर्ट येथील जोसेफ-आर्माँ बोंबार्डिए यांची कथा अधिक करुण आहे. जानेवारी १९३४ मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटातील गंभीर संसर्गाने आजारी पडला. बर्फाने रस्ते बंद झाल्याने त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग बोंबार्डिए पूर्वीपासूनच करीत होते. या घटनेनंतर त्यांनी ते काम तडीस नेले. दातेरी चाक व पट्ट्याच्या रचनेचे पेटंट त्यांना १९३७ मध्ये मिळाले आणि १९५९ मध्ये त्यांची 'स्की-डू' ही हलकी, एक-दोन जणांची स्नोमोबाइल बाजारात आली. त्याच दशकात मिनेसोटातील रोझो या गावी पोलॅरिस कंपनीही या व्यवसायात उतरली.

कॅनडाच्या अतिउत्तरेकडील इन्युइट वस्त्यांमध्ये आणि उत्तर स्कँडिनेव्हियातील रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांमध्ये स्नोमोबाइल आजही शिकारीचे, मासेमारीचे आणि कळप राखण्याचे साधन आहे. तेथे यंत्र चोरीला गेले म्हणजे त्या कुटुंबाचा हिवाळ्यातील रोजगारच बुडतो.

चोरांना ही यंत्रे सोपी का वाटतात?

मोटारीच्या तुलनेत स्नोमोबाइल वजनाने हलकी असते. बहुतेक यंत्रांचे वजन २०० ते ३०० किलोच्या दरम्यान भरते. तीन-चार धडधाकट माणसे ती उचलून दुसऱ्या गाडीत टाकू शकतात. खाली घसरपट्ट्या असल्याने बर्फावरून ती ओढत नेणेही अवघड नसते. जुन्या यंत्रांचे इंजिन दोरी ओढून सुरू होते आणि त्यांची कुलूपव्यवस्था अगदी प्राथमिक असते.

दुसरे कारण कागदपत्रांचे आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत स्नोमोबाइलची नोंदणी आवश्यक असली, तरी मोटारीसारखे स्वतंत्र मालकीपत्र दिले जात नाही. त्यामुळे चोरीचे यंत्र दुसऱ्या राज्यात नेऊन विकणे तुलनेने सुलभ होते. शिवाय इंजिन, क्लच, रबरी पट्टा, निलंबन व्यवस्था अशा सुट्या भागांनाही चांगली मागणी असते. यंत्र मोडून भाग विकले की माग काढणे कठीण होऊन बसते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे खुद्द ट्रेलर. ट्रेलरच्या पुढील टोकाला कपलर नावाची लोखंडी खोबण असते आणि ती ओढणाऱ्या वाहनाच्या मागील गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसते. या बॉलचे मोजकेच प्रमाणित आकार प्रचलित आहेत. म्हणजेच योग्य आकाराचा बॉल लावलेला कोणताही ट्रक कोणताही ट्रेलर ओढून नेऊ शकतो. कुलूप नसलेला ट्रेलर जोडून पसार व्हायला सरावलेल्या माणसाला मिनिट-दोन मिनिटे पुरतात. मग त्यावरील यंत्रांना स्वतंत्र कुलपे असली तरी त्यांचा उपयोग राहत नाही. ती कुलपे चोर सवडीने, आडोशाला नेऊन तोडतो.

धोक्याच्या जागा

मोटेलचे वाहनतळ ही पहिली धोक्याची जागा. प्रवासी दमलेले असतात, खोल्यांच्या खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले असतात, हीटरच्या आवाजात बाहेरचे काही ऐकू येत नाही. स्नोमोबाइलच्या मार्गांलगतच्या मोटेलांत असे ट्रेलर हमखास उभे असतात, हे चोरांनाही ठाऊक असते. दुसरी जागा म्हणजे मार्गाच्या आरंभी असलेले वाहनतळ. स्वार यंत्रे घेऊन दिवसभर जंगलात गेलेले असतात आणि रिकामा ट्रेलर व ट्रक तेथे बेवारस उभे असतात. अशा वेळी यंत्रे वाचली तरी ट्रेलर जातो आणि घरी परतायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो.

तिसरी जागा पेट्रोल पंप आणि रस्त्याकडेची उपाहारगृहे. उणे २० अंशांच्या थंडीत गाडी उबदार राहावी म्हणून इंजिन चालू ठेवून, किल्ली आतच ठेवून कॉफी घ्यायला उतरण्याची सवय अनेकांना असते. हिवाळ्यात अशा चालू गाड्या पळवण्याचे प्रकार वाढत असल्याने पोलीस दरवर्षी याबाबत इशारा देतात. मागे ट्रेलर जोडलेला असेल तर ट्रक, ट्रेलर आणि यंत्रे असे सारेच एका फटक्यात जाते. थांबा पाच मिनिटांचा असला तरी इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवणे, हा बिनखर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय होय.

ट्रेलरचा बंदोबस्त

ट्रेलर ट्रकला जोडलेला असताना दोन ठिकाणी कुलूप हवे. कपलरची खटकी उघडू नये म्हणून तिच्या भोकातून जाणारे कुलूप हे पहिले. बॉल ज्या आडव्या दांड्यावर बसवलेला असतो, तो दांडा ट्रकच्या चौकोनी नळीत एका साध्या खिळीने अडकवलेला असतो. ही खिळी हाताने निघते. ती काढली की दांड्यासकट ट्रेलर मोकळा होतो. म्हणून साध्या खिळीऐवजी कुलूप असलेली खिळी वापरणे, हा दुसरा उपाय. कपलरला भक्कम कुलूप लावणारे कित्येक जण ही खिळी विसरतात.

ट्रेलर सुटा करून ठेवायचा असेल तर खटकीचे कुलूप पुरत नाही. अशा वेळी कपलरची पोकळी संपूर्ण भरून टाकणारे कुलूप लावावे, म्हणजे चोराला स्वतःचा बॉल आत घालता येत नाही. तरीही ट्रेलरच्या सुरक्षा साखळ्या आपल्या ट्रकला गुंडाळून तो फरफटत नेण्याची युक्ती चोर वापरतात. तिला उत्तर म्हणजे चाकाला लावायचा शिकंजा. शिकंजा चाकाच्या आरपार जाणारा असावा. नुसता टायरला आवळणारा शिकंजा टायरमधील हवा सोडून काढता येतो. ट्रेलर दीर्घकाळ एकाच जागी राहणार असेल, तर ठोकळ्यांवर उभा करून चाके काढून ठेवणे उत्तम.

गाडी कशी उभी करावी, यालाही तितकेच महत्त्व आहे. ट्रेलरचे जोडणीचे टोक भिंतीकडे किंवा दुसऱ्या वाहनाकडे येईल, अशा रीतीने तो उभा केल्यास चोराला आपला ट्रक तेथवर आणता येत नाही. गट मोठा असेल तर एकमेकांच्या वाहनांनी ट्रेलर कोंडून ठेवावेत. उजेडाची, कॅमेऱ्याच्या टप्प्यातील आणि शक्यतो खोलीच्या खिडकीतून दिसणारी जागा निवडावी. खोली आरक्षित करतानाच ट्रेलर उभा करण्याची सोय कोठे आहे, याची चौकशी केलेली बरी.

बंद ट्रेलर की उघडा?

उघड्या ट्रेलरवरील यंत्रे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडतात. त्यांच्या घसरपट्ट्यांवर आडवी दांडी आवळून ती जागी धरली जातात. ही दांडी बहुधा हाताने फिरवून सैल करता येते, म्हणून तिलाही कुलूप हवे. यंत्रांवर आच्छादन घातल्यास त्यांचा प्रकार व नवेपणा लपतो. ते सोडवायला चोराचा थोडा वेळही जातो.

बंद ट्रेलर अधिक सुरक्षित वाटतो, आणि तो आहेही. मात्र त्याच्या दारांना कारखान्यातून येणारी कुलपे पुष्कळदा अगदी सामान्य प्रतीची असतात आणि एकाच साच्याची किल्ली असंख्य ट्रेलरना लागते. ती बदलून घ्यावीत. कडी-कोयंड्यासाठी ज्याचा आकडा संपूर्ण झाकलेला असतो असे चकतीच्या आकाराचे कुलूप योग्य, कारण कातरीला पकडायला जागाच उरत नाही. बाजूचे छोटे दार आणि मागचे उताराचे दार या दोहोंना सारखेच भक्कम कुलूप हवे.

साखळी, कुलूप आणि थंडी

यंत्रे साखळीने बांधताना साखळी कोठून ओवली आहे, हे महत्त्वाचे ठरते. पुढच्या घसरपट्टीची कडी बहुधा प्लास्टिकची असते आणि मागचा दांडा दोन-चार बोल्ट काढले की निघतो. म्हणून साखळी पुढील निलंबनाच्या भुजांमधून किंवा सांगाड्याच्या बंदिस्त भागातून न्यावी आणि सर्व यंत्रे एकत्र ओवून ट्रेलरच्या चौकटीला बांधावीत. साखळी कठीण केलेल्या पोलादाची व पुरेशी जाड असावी. बारा मिलिमीटर वा त्याहून जाड कडीपुढे हातातील कातरी सहसा निष्प्रभ ठरते. साखळी जमिनीवर लोळती ठेवू नये. जमिनीचा आधार मिळाला की ती तोडणे सोपे होते. चौकटीभोवती ताणून बांधलेली, कुलूप वरच्या बाजूला अडकवलेली साखळी अधिक टिकाव धरते.

विजेवर चालणाऱ्या कटरपुढे कोणतीच साखळी अभेद्य नसते, हेही लक्षात घ्यायला हवे. कुलपाचे काम चोराचा वेळ खाणे आणि त्याला आवाज करायला लावणे हे आहे. शेजारी सोपे सावज असताना तो सहसा अवघड कुलपाच्या वाटेला जात नाही.

हिवाळ्यात कुलपांचे आणखी एक दुखणे असते. दिवसा वितळलेल्या बर्फाचे व रस्त्यावरील खारट चिखलाचे पाणी कुलपात शिरते आणि रात्री गोठते. सकाळी किल्ली फिरत नाही. मग कंटाळून कुलूप लावणेच सोडून दिले जाते आणि चोराचे काम होते. यावर उपाय सोपे आहेत. कुलपाच्या तोंडावर झाकण असावे, तोंड खालच्या दिशेने ठेवावे आणि आत तेलाऐवजी ग्रॅफाइटसारखे कोरडे वंगण घालावे. साधे तेल थंडीत घट्ट होते व धूळ धरून ठेवते. गोठलेल्या कुलपावर गरम पाणी ओतू नये. ते पाणी थोड्याच वेळात गोठून अवस्था अधिक बिकट करते. अल्कोहोलयुक्त, बर्फ वितळवणाऱ्या द्रवाची लहान बाटली जवळ बाळगावी. मात्र ती ट्रकमध्ये न ठेवता खिशात ठेवावी, कारण ट्रकचेच कुलूप गोठले तर ती आत असून उपयोग नाही.

इलेक्ट्रॉनिक पहारेकरी

आधुनिक स्नोमोबाइलमध्ये कारखान्यातूनच काही संरक्षण मिळते. स्की-डूच्या यंत्रांत स्वाराच्या जॅकेटला अडकवायच्या दोरीच्या टोपणात सांकेतिक क्रमांकाची चकती असते. यंत्राने तो क्रमांक ओळखला नाही तर इंजिनाचा वेग इतका कमी राहतो की क्लच पकड घेत नाही आणि यंत्र हलत नाही. अर्थात, ही दोरी रात्री यंत्रालाच लोंबकळत ठेवली तर सारी योजना व्यर्थ ठरते. शिवाय यंत्र उचलून नेणाऱ्याला ही व्यवस्था रोखू शकत नाही. ती साखळीला पूरक आहे, पर्याय नव्हे.

उपग्रहाच्या साहाय्याने ठिकाण कळवणारी उपकरणे आता बरीच वापरली जातात. ती घेताना तीन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. अशी बहुतेक उपकरणे आपले ठिकाण मोबाइलच्या जाळ्यातूनच मालकाला कळवतात आणि दाट जंगलात हे जाळे अनेकदा नसते. धातूच्या बंद ट्रेलरमध्ये संदेश क्षीण होतो. आणि तीव्र थंडीत बॅटरीची क्षमता झपाट्याने घटते. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या ॲपलच्या एअरटॅगसारख्या छोट्या चकत्या स्वस्त असल्या, तरी त्या आसपासच्या फोनवर विसंबून असतात. उणे २० अंशांखाली त्या चालतील अशी ग्वाही उत्पादकही देत नाही. त्यातच, अनोळखी चकती आपल्यासोबत फिरत असल्याची सूचना जवळच्या फोनवर दिली जाते. कोणाचा गुपचूप पाठलाग होऊ नये यासाठीची ही सोय चोरालाही सावध करू शकते. तरीही यंत्रात एक आणि ट्रेलरच्या चौकटीत दडवलेले दुसरे, अशी दोन उपकरणे असल्यास शोधाची शक्यता वाढते.

विमा, नोंदी आणि भाड्याची यंत्रे

मोटारीच्या विम्यात स्नोमोबाइलची चोरी आपोआप समाविष्ट असते, हा समज चुकीचा आहे. घरविम्यातही घराबाहेर, प्रवासात असलेल्या यंत्रांना संरक्षण नसते किंवा त्याला मर्यादा असतात. कायद्याने आवश्यक असलेला विमा सहसा दुसऱ्याच्या नुकसानभरपाईपुरता असतो. चोरीसाठी वेगळे कलम घ्यावे लागते. ट्रेलर, त्यातील हेल्मेट, कपडे व अवजारे यांची स्वतंत्र नोंद पॉलिसीत आहे का, हेही तपासावे. काही कंपन्या विशिष्ट प्रतीचे कुलूप लावण्याची अट घालतात. त्याची पावती जपून ठेवावी.

प्रत्येक यंत्रावर व ट्रेलरवर कारखान्याचा ओळख क्रमांक कोरलेला असतो. स्नोमोबाइलवर तो सहसा पायठेव्याजवळ, मागील बोगद्यासारख्या भागाच्या उजव्या बाजूस आढळतो. हा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, नोंदणीपत्र आणि सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे यांची प्रत ट्रकमध्ये नव्हे, तर फोनमध्ये आणि घरी ठेवावी. पोलीस तक्रारीत हा क्रमांक नसेल, तर यंत्र सापडूनही ते कोणाचे हे सिद्ध करणे अवघड जाते. क्रमांकाशिवाय एखाद्या आडजागी स्वतःची खूण कोरून ठेवणेही उपयोगी पडते.

टोरांटो, मिनियापोलिस, डेट्रॉइट या भागांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही हिवाळी सुट्टीत या खेळाचा अनुभव घेतात, बहुधा भाड्याच्या यंत्रांवर. गुलमर्ग किंवा सोलांग येथे पर्यटक चालकासोबत फेरी मारून उतरतो. यंत्राची जबाबदारी चालकाची असते. उत्तर अमेरिकेत मात्र दिवसभरासाठी किंवा अनेक दिवसांसाठी यंत्र भाड्याने घेतल्यास ते चोरीला गेल्याची भरपाई करारानुसार भाडेकरूवर येऊ शकते. क्रेडिट कार्डासोबत मिळणाऱ्या भाडेवाहन विम्यातून अशी वाहने अनेकदा वगळलेली असतात. सही करण्यापूर्वी चोरीविषयीचे कलम वाचणे आणि रात्री यंत्र कोठे ठेवायचे, हे भाड्याने देणाऱ्याला विचारणे शहाणपणाचे.

चोरी झालीच तर

सर्वप्रथम पोलिसांना कळवावे. वेळ येथे फार मोलाची असते, कारण काही तासांत ट्रेलर राज्याची सीमा ओलांडू शकतो. बर्फावर उमटलेली टायरची व पावलांची चिन्हे तुडवू नयेत. ताजा हिमवर्षाव होण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत. मोटेलच्या कॅमेऱ्यांतील चित्रण पुसले जाण्याआधी ते राखून ठेवण्याची विनंती करावी. तक्रार नोंदवली की ओळख क्रमांक कॅनडात पोलिसांच्या मध्यवर्ती माहिती केंद्रात, तर अमेरिकेत एफबीआयच्या राष्ट्रीय नोंदींत समाविष्ट होऊ शकतो. त्यानंतर लगेच विमा कंपनीला कळवावे.

शोधक उपकरणाने ठिकाण दाखवले तरी स्वतः तेथे धाव घेऊ नये. ती माहिती पोलिसांच्या हवाली करावी. निर्जन भागात, उणे तापमानात, चोरांशी गाठ पडणे हे यंत्र गमावण्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे ठरू शकते.

चोरीच्या यंत्रांना गिऱ्हाईक मिळते म्हणून चोरी होते. त्यामुळे जुनी स्नोमोबाइल घेणाऱ्यानेही दक्ष राहावे. ओळख क्रमांकाची पट्टी खरवडलेली असेल, कागदपत्रे नसतील किंवा किंमत संशयास्पद रीतीने कमी असेल, तर व्यवहार टाळावा. कॅनडात पोलिसांच्या माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर आणि अमेरिकेत नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोच्या सेवेद्वारे क्रमांकाची विनामूल्य पडताळणी करता येते. चोरीचा माल अजाणतेपणी घेतला तरी तो सामान्यतः मूळ मालकाला परत करावा लागतो आणि दिलेले पैसे बुडतात.

निघण्यापूर्वी तपासण्याजोगे

* कपलर, ओढदांड्याची खिळी, चाक आणि सुटे चाक या चारही ठिकाणी कुलूप.
* सर्व यंत्रे एकत्र ओवून ट्रेलरच्या चौकटीला ताणून बांधलेली साखळी.
* यंत्रांच्या किल्ल्या व सांकेतिक दोऱ्या स्वतःजवळ. जादा किल्ल्यांचा जुडगा घरी.
* ओळख क्रमांक, छायाचित्रे व विम्याची कागदपत्रे फोनमध्ये.
* बर्फ वितळवणारा द्रव खिशात. कुलपांना कोरडे वंगण.
* काडेपेटी, नकाशा, औषधे यांसारखे जिवाशी संबंधित सामान यंत्रावर न ठेवता पाठीवरील पिशवीत. जंगलात थांबलेल्या ठिकाणाहून यंत्र नाहीसे झाल्यास हीच पिशवी तारून नेते.

या सर्व उपायांचा खर्च एका यंत्राच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ आहे. कुलपे लावायला रोज रात्री पंधरा-वीस मिनिटे लागतात. दिवसभराच्या प्रवासाने थकलेल्या, गारठलेल्या माणसाला नेमका याच वेळी कंटाळा येतो. म्हणून मुक्कामी पोचल्यावर खोलीची किल्ली घेण्याआधी ट्रेलरची कुलपे लावून घ्यावीत, हा क्रम गटातील सर्वांनी पाळणे हिताचे.